बारा चाव्या, नऊ स्वाक्षऱ्या : ब्लॉकचेनच्या पहारेकऱ्यांची निवडणूक

२१ फेब्रुवारी २०२५ रोजी दुबईस्थित 'बायबिट' या क्रिप्टो चलनबाजाराच्या तिजोरीतून चार लाखांहून अधिक ईथर नाहीसे झाले. त्या दिवशीच्या भावाने ही रक्कम सुमारे दीड अब्ज डॉलर होती. विशेष म्हणजे कुलूप कोणी फोडले नव्हते. तिजोरीतून पैसे हलविण्यासाठी एकाहून अधिक अधिकाऱ्यांच्या स्वाक्षऱ्या लागत आणि त्या दिवशीही त्या रीतसर झाल्या होत्या. स्वाक्षरी करणाऱ्यांना पडद्यावर नेहमीचा, पैसे वळते करण्याचा व्यवहार दिसत होता. प्रत्यक्षात त्यांनी ज्यावर सही केली, तो तिजोरीचा ताबाच चोरांच्या हाती देणारा आदेश होता. या चोरीमागे उत्तर कोरियाचे हॅकर असल्याचे अमेरिकेच्या एफबीआयने काही दिवसांतच जाहीर केले.

डिजिटल चलनाच्या जगात गणिती कुलपे फोडणे जवळजवळ अशक्य मानले जाते. त्यामुळे चोर कुलपाच्या नादी न लागता चावी ज्याच्याकडे आहे त्याला गाठतात. साहजिकच चावी कोणाच्या हाती द्यावयाची, हा प्रश्न या जगात सर्वांत कळीचा ठरला आहे. खासगी कंपनीत त्याचे उत्तर संचालक मंडळ देते. पण ज्या ब्लॉकचेनला मालकच नाही, जिचा कारभार हजारो टोकनधारकांनी मिळून करावयाचा आहे, तिथे चाव्या सांभाळणारे कोणी निवडायचे? आणि निवडताना काय पाहायचे?

इथेरियमवर आधारलेल्या 'आर्बिट्रम' या जाळ्याने या प्रश्नाचे उत्तर चक्क निवडणुकीतून शोधले. बारा सदस्यांची 'सुरक्षा परिषद' आणि तिच्यासाठी दर सहा महिन्यांनी सहा जागांची निवडणूक, अशी ही व्यवस्था सप्टेंबर २०२३ मध्ये प्रत्यक्षात आली. अब्जावधी डॉलरचे भवितव्य ज्यांच्या सहीवर अवलंबून असते, ती माणसे मतपेटीतून निवडण्याचा हा प्रयोग समजून घेण्याजोगा आहे.

मालक नाही, मग पहारेकरी कशाला?

ब्लॉकचेन म्हणजे असंख्य संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली, मागाहून खाडाखोड करता न येणारी हिशेबवही. या वहीवर 'स्मार्ट काँट्रॅक्ट' नावाचे छोटे संगणकीय आदेश चालतात. अमुक अट पूर्ण झाली की तमुक रक्कम तमुक खात्यात जाईल, असा करार एकदा लिहून ठेवला की तो आपोआप अमलात येतो. मध्ये कारकून नाही, बँक नाही, न्यायालयही नाही.

या व्यवस्थेचे बळ तेच तिचे दौर्बल्यही आहे. करारात एखादी चूक राहिली तर ती चूकही तितक्याच इमानदारीने अमलात येते. जून २०१६ मध्ये याचा पहिला मोठा प्रत्यय आला. 'द डीएओ' या नावाने इथेरियमवर उभारलेल्या सामायिक गुंतवणूक निधीच्या आदेशावलीतील त्रुटीचा फायदा घेऊन एका अज्ञाताने सुमारे ३६ लाख ईथर स्वतःकडे वळविले. चोरी सर्वांच्या डोळ्यांदेखत सुरू होती. परंतु ती थांबविण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. अखेर २० जुलै २०१६ रोजी संपूर्ण इथेरियमची हिशेबवहीच नव्याने लिहिण्याचा टोकाचा मार्ग पत्करावा लागला. हे ज्यांना मान्य नव्हते त्यांनी जुनी वही चालू ठेवली आणि 'इथेरियम क्लासिक' ही वेगळी शाखा जन्माला आली.

या प्रकरणातून एक धडा मिळाला. संकटात तातडीने हात घालणारा कोणीतरी हवा. मात्र तो हात एकाच माणसाचा किंवा एकाच कंपनीचा असता कामा नये. सुरक्षा परिषदेची कल्पना या दोन गरजांच्या मधोमध उभी आहे.

आर्बिट्रमची पार्श्वभूमी

इथेरियमवर गर्दी वाढली तसे व्यवहारशुल्क भडकले. त्यावर उपाय म्हणून इथेरियमच्या वर दुसरा मजला चढविणारी जाळी तयार झाली. व्यवहार वरच्या मजल्यावर स्वस्तात उरकायचे आणि त्यांचा गोषवारा खालच्या मजल्यावर नोंदवायचा, अशी ही रीत आहे. आर्बिट्रम हे त्यांतील एक प्रमुख जाळे. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात काम करणारे एड फेल्टन, स्टीव्हन गोल्डफेडर आणि हॅरी कलॉड्नर यांनी स्थापन केलेल्या 'ऑफचेन लॅब्स' या कंपनीने ते विकसित केले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले.

वरच्या मजल्यावर जाण्यासाठी ग्राहकाला आपले पैसे खालच्या मजल्यावरील एका 'पुलात' अडकवून ठेवावे लागतात. हा पूल म्हणजेच खरी तिजोरी. सप्टेंबर २०२२ मध्ये एका संशोधकाला या पुलात एक गंभीर त्रुटी आढळली. तिचा गैरफायदा घेऊन पुलात येणारा पैसा परस्पर वळविता आला असता. सुदैवाने त्या संशोधकाने ती गुपचूप कळविली आणि ४०० ईथरचे बक्षीस मिळविले. प्रत्येक वेळी त्रुटी प्रामाणिक माणसालाच सापडेल, याची खात्री मात्र कोण देणार?

मार्च २०२३ मध्ये आर्बिट्रमने आपल्या वापरकर्त्यांना 'एआरबी' नावाचे टोकन वाटले आणि कारभार टोकनधारकांकडे सोपविल्याची घोषणा केली. त्यासाठी लिखित 'घटना' आली. बारा जणांची पहिली सुरक्षा परिषद मात्र निवडणुकीविना, संस्थापकांनी तयार केलेल्या पहिल्या प्रस्तावातच जाहीर करण्यात आली. याच प्रस्तावात ७५ कोटी टोकन आर्बिट्रम प्रतिष्ठानला देण्याची तरतूद होती आणि मतदान पूर्ण होण्याआधीच त्यातील काही टोकन वापरल्याचे उघड झाले. टोकनधारकांनी जोरदार विरोध केला, तेव्हा प्रस्तावाचे तुकडे करून ते नव्याने मांडावे लागले. नाव लोकशाहीचे आणि निर्णय आधीच झालेला, ही टीका प्रतिष्ठानला झोंबली. त्यानंतर सहा महिन्यांनी झालेल्या परिषदेच्या पहिल्या निवडणुकीकडे सर्वांचे लक्ष लागले ते यामुळेच.

परिषदेचे अधिकार काय?

एरवी आर्बिट्रमच्या मूळ आदेशावलीत बदल करायचा तर मार्ग लांबचा आहे. २०२३ च्या घटनेनुसार आठवडाभर प्राथमिक कौल, मग दोन आठवडे मतदान, मग तीन दिवसांची प्रतीक्षा, वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर निर्णय पोचण्यासाठी किमान आठवडा आणि पुन्हा तीन दिवसांची प्रतीक्षा, असा हा प्रवास होता. म्हणजे महिन्याहून अधिक काळ. हा उशीर मुद्दाम ठेवलेला आहे. एखादा निर्णय न पटणाऱ्या ग्राहकाला तो लागू होण्यापूर्वी आपले पैसे काढून घेता यावेत, हा त्यामागील हेतू.

पण घराला आग लागली असताना सर्वसाधारण सभेची नोटीस काढून चालत नाही. म्हणून परिषदेला आणीबाणीचा अधिकार दिला आहे. बारापैकी नऊ सदस्यांनी सही केली तर कोणतीही प्रतीक्षा न करता आदेशावली बदलता येते, व्यवहार थांबविता येतात. त्यानंतर नेमके काय केले आणि का केले, याचा अहवाल टोकनधारकांसमोर ठेवणे परिषदेवर बंधनकारक आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेशी तिचे साम्य केवळ नावापुरते. तिथे एका कायम सदस्याचा नकाराधिकार पुरतो. इथे निर्णय रोखण्यासाठी चार जणांनी सही नाकारावी लागते. शहरी वाचकाला अधिक जवळचा दाखला सहकारी गृहनिर्माण संस्थेचा. तिथे धनादेशावर एकट्या सचिवाची सही चालत नाही, दुसऱ्या पदाधिकाऱ्याचीही लागते. आर्बिट्रममध्ये हीच पद्धत दोनऐवजी नऊ सह्यांची आहे आणि धनादेशाच्या जागी संपूर्ण इमारतीचा ताबा आहे, असे म्हणता येईल.

या नऊ जणांनी एकत्र येऊन वाईट हेतूने सही केली तर काय? तर सैद्धांतिकदृष्ट्या ते पुलातील सर्व पैसा नेऊ शकतात. उमेदवार निवडताना नेमके काय पणाला लागलेले असते, हे या एका वाक्यात येते.

निवडणूक कशी होते?

पहिली निवडणूक १५ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. बारा सदस्य सहा-सहांच्या दोन गटांत विभागलेले असून एका गटाची निवडणूक सप्टेंबरमध्ये तर दुसऱ्याची मार्चमध्ये, अशी रचना ठरविण्यात आली. मुदत एक वर्षाची. सर्व बारा जागा एकाच वेळी बदलू नयेत आणि निम्मे अनुभवी सदस्य नेहमी कायम राहावेत, ही त्यामागील दृष्टी. अनेक सभागृहांत काही जागा टप्प्याटप्प्याने भरण्याची पद्धत आहे, तीच येथे आली.

प्रक्रियेचे टप्पे चार. आधी इच्छुकांनी आपले नाव नोंदवायचे. मग पाठिंबा गोळा करायचा. २०२३ च्या नियमानुसार मतदानयोग्य टोकनांपैकी किमान ०.२ टक्के टोकनांचा पाठिंबा मिळेल तोच अधिकृत उमेदवार ठरे. त्यानंतर दोन आठवडे छाननीचे. आर्बिट्रम प्रतिष्ठान उमेदवाराची ओळख आणि कायदेशीर बाबी तपासते. मग एकवीस दिवसांचे मतदान. सर्वाधिक मते मिळविणारे सहा जण निवडून येतात आणि त्यांच्या चाव्या आधीच्या सहा जणांच्या जागी आदेशावलीत नोंदविल्या जातात.

मतदानातील एक तरतूद मोठी वेधक आहे. पहिल्या सात दिवसांत दिलेल्या मताचे वजन पूर्ण धरले जाते. त्यानंतर ते दररोज घटत जाते आणि एकविसाव्या दिवसाच्या अखेरीस शून्यावर येते. शेवटच्या क्षणापर्यंत दबा धरून बसायचे आणि निकालाचा अंदाज घेऊन एकगठ्ठा मते टाकायची, ही खेळी त्यामुळे महाग पडते. मोठा टोकनधारक उशिरा मैदानात उतरला तर इतरांना उत्तर देण्यास वेळ उरत नाही, हा धोका ओळखून हा नियम केलेला आहे. आपल्याकडे मतदानाच्या शेवटच्या तासात रांगा लागतात. तिथे मात्र शेवटच्या तासात आलेल्या मताला जवळजवळ किंमतच नसते.

निवडून आलेल्या सदस्याला मुदतीपूर्वी परत बोलाविण्याचीही सोय आहे. एकूण मतदानयोग्य टोकनांपैकी किमान दहा टक्क्यांचे मतदान झाले आणि त्यातील पाच षष्ठांश मते विरोधात गेली, तर सदस्याला जावे लागते. परिषदेतील नऊ सदस्यही आपल्या सहकाऱ्याला दूर करू शकतात.

कोणाला मत द्यावे?

खरी अडचण येथून सुरू होते. नगरसेवक निवडताना मतदाराला किमान रस्ता, पाणी, कचरा दिसतो. सुरक्षा परिषदेच्या सदस्याचे काम दिसण्याची वेळ सहसा येतच नाही आणि येते तेव्हा चूक सुधारण्यास उसंत नसते. त्यामुळे उमेदवाराची पारख आधीच करावी लागते. यासाठी चार कसोट्या महत्त्वाच्या ठरतात.

पहिली कसोटी तांत्रिक समजेची. ज्यावर सही करावयाची तो आदेश स्वतः वाचता आला पाहिजे. बायबिट प्रकरणात सह्या करणाऱ्यांनी पडद्यावर दिसले त्यावर विश्वास ठेवला. पडद्यावर दिसणारा मजकूर आणि चावी ज्यावर सही करते तो मजकूर एकच आहे का, हे वेगळ्या मार्गाने पडताळून पाहणारा एक जरी सदस्य असता आणि त्याने सही नाकारली असती, तर चित्र वेगळे दिसले असते.

दुसरी कसोटी चावी सांभाळण्याच्या सवयीची. चावी रोजच्या वापराच्या लॅपटॉपवर न ठेवता स्वतंत्र उपकरणात ठेवणे, ते उपकरण इतर कामांसाठी न वापरणे, अनोळखी व्यक्तीने पाठविलेली फाइल न उघडणे, अशा साध्या वाटणाऱ्या गोष्टींवर सारा डोलारा उभा असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये आर्बिट्रमवरही काम करणाऱ्या 'रेडियंट कॅपिटल' या कर्जव्यवहाराच्या प्रकल्पातून सुमारे पाच कोटी डॉलर गेले. तिथे अकरा चावीधारकांपैकी तिघांच्या सह्या पुरत असत. पूर्वीच्या सहकाऱ्याच्या नावाने आलेली एक फाइल उघडली गेली आणि विकासकांच्या संगणकांत घातक प्रणाली शिरली. आर्बिट्रमने बारापैकी नऊ सह्यांची अट घातली आहे, त्यामागील कारण अशा घटनांतून कळते.

तिसरी कसोटी उपलब्धतेची. आणीबाणी कार्यालयीन वेळ पाहून येत नाही. बारापैकी नऊ सह्या लागत असल्याने तिघे गैरहजर राहिले तर उरलेल्या नऊपैकी एकालाही झोपून चालत नाही. सारे सदस्य एकाच खंडात राहणारे असतील तर त्यांची रात्र एकाच वेळी होणार. म्हणून वेगवेगळ्या देशांतले उमेदवार असणे सोयीचेही आहे आणि सुरक्षितही. एखाद्या देशाच्या सरकारने दबाव आणायचे ठरविले तरी सर्व चाव्या त्याच्या कक्षेत येत नाहीत.

चौथी कसोटी स्वतंत्रपणाची आणि तीच सर्वांत अवघड. घटनेनुसार एकाच संस्थेशी संबंधित तीनपेक्षा अधिक सदस्य परिषदेवर असू नयेत. प्रतिस्पर्धी जाळ्यांशी हितसंबंध असलेल्या किंवा प्रकल्प लुटल्याचा इतिहास असलेल्या व्यक्तींनाही निवडून देऊ नये, असे ती सांगते. तीन या आकड्यामागचे गणित सोपे आहे. निर्णय रोखण्यासाठी चौघे लागतात आणि घेण्यासाठी नऊ. तिघांच्या बळावर कोणतीही संस्था यांपैकी काहीही एकटीने करू शकत नाही.

कागदावर नऊ, प्रत्यक्षात एकच

स्वतंत्रपणा केवळ यादीतील नावे मोजून कळत नाही, हे मार्च २०२२ च्या 'रोनिन' प्रकरणाने दाखवून दिले. 'अ‍ॅक्सी इन्फिनिटी' या लोकप्रिय खेळासाठी उभारलेल्या या पुलाच्या नऊ चाव्या होत्या आणि पैसे काढण्यास पाच पुरत. नऊपैकी चार चाव्या खेळ तयार करणाऱ्या 'स्काय मॅव्हिस' या कंपनीकडेच होत्या. पाचवी चावी खेळाडूंच्या स्वतंत्र संघटनेची. परंतु कामाचा ताण वाढल्याने नोव्हेंबर २०२१ मध्ये या संघटनेने आपल्या वतीने सही करण्याची मुभा कंपनीला दिली. महिनाभरात गरज संपली. मुभा मात्र रद्द करण्याचे राहून गेले. हॅकर कंपनीच्या यंत्रणेत शिरले आणि एकाच दारातून त्यांना पाचही चाव्या मिळाल्या. साठ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गेली आणि हे कंपनीच्या लक्षात येण्यास सहा दिवस लागले.

यादीत नऊ नावे होती. परंतु पाच चाव्या एकाच घरात लटकत होत्या. म्हणूनच उमेदवार एकेकटा कितीही चांगला असला तरी तेवढ्याने भागत नाही. तो परिषदेत आला तर उरलेल्या अकरांशी त्याचे नाते काय, हे पाहावे लागते. तो कोणाकडून पगार घेतो, कोणत्या गुंतवणूकदाराशी बांधलेला आहे, इतरांसारखेच उपकरण आणि तीच संगणकप्रणाली वापरतो का? सहा उत्तम तज्ज्ञ एकाच कंपनीचे माजी सहकारी असतील तर ते सहा सदस्य मानायचे की एक, असा प्रश्न मतदाराने स्वतःला विचारायला हवा.

याच ठिकाणी निवडणुकीची मर्यादा उघडी पडते. मतदार एकेका उमेदवाराला मत देतो. संपूर्ण परिषदेची जुळणी कशी होईल, याचा विचार मतपत्रिकेत नाही. तीन जागांची मर्यादा ही उणीव काही प्रमाणात भरून काढते. उरलेले काम मतदाराच्या विवेकावर सोडलेले आहे.

प्रचाराचा विरोधाभास

निवडणूक म्हटली की प्रचार आला. उमेदवाराने आपले नाव, अनुभव, पूर्वीची कामगिरी सांगितल्याशिवाय मते मिळत नाहीत. पण चावीधारकाची ओळख जितकी उघड तितका तो हॅकरांच्या नेमक्या निशाण्यावर येतो. त्याला कोणती नोकरी आवडेल, तो कोणत्या परिषदेला जाणार, त्याचे जुने सहकारी कोण, ही सर्व माहिती सापळा रचण्यास उपयोगी पडते. खोट्या नोकरीचे आमिष दाखविणे हे या हॅकरांचे नेहमीचे हत्यार असून रोनिन प्रकरणातही ते वापरले गेल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते.

ओळख लपवावी तर दुसरी अडचण. टोपणनावामागे कोण आहे हे माहीत नसेल, तर दोन टोपणनावे एकाच माणसाची नाहीत कशावरून? आर्बिट्रमने यावर मधला मार्ग काढला. छाननीत प्रतिष्ठानला खरी ओळख द्यावी लागते. अर्थात यामुळे ज्या प्रतिष्ठानवर परिषदेने वेळ पडल्यास लक्ष ठेवावे, त्याच प्रतिष्ठानच्या हाती उमेदवार गाळण्याची चाळणी जाते. या प्रश्नाला पूर्ण समाधानकारक उत्तर अद्याप कोणाकडेच नाही.

मताधिकार कोणाचा?

सहकारी संस्थेत एका सभासदाला एकच मत असते, त्याचे भाग कितीही असोत. महाराष्ट्रातील सहकार चळवळ याच तत्त्वावर उभी राहिली. आर्बिट्रमची निवडणूक मात्र कंपनीच्या भागधारकांच्या सभेसारखी आहे. जितकी टोकन तितकी मते. छोटे धारक बहुधा स्वतः मतदान करीत नाहीत. आपली मते ते 'प्रतिनिधी' नेमून त्यांच्याकडे सोपवितात. परिणामी मोजक्या बड्या प्रतिनिधींचा कौल निर्णायक ठरू शकतो. पाठिंब्याचा पहिला उंबरठा ओलांडण्यासाठीही नवख्या उमेदवाराला अशाच एखाद्या बड्या प्रतिनिधीचा हात धरावा लागतो. परिषदेने ज्यांच्यापासून सामान्य ग्राहकाचे रक्षण करावयाचे त्यांत हे बडे धारकही येऊ शकतात, ही टीका दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. सारा कारभार बारा जणांच्या हाती असेल तर त्याला विकेंद्रित का म्हणावे? इथेरियमचे सहसंस्थापक व्हिटालिक बुटेरिन यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये अशा जाळ्यांचे तीन टप्पे मांडले होते. लहान मुलाच्या सायकलला मागे जोडलेल्या दोन छोट्या चाकांची उपमा त्यांनी दिली. सुरुवातीला ही चाके पूर्ण आधार देतात. मधल्या टप्प्यावर सुरक्षा परिषदेसारखा मर्यादित आधार राहतो. अखेरीस ती काढून टाकायची आणि आदेशावलीत निर्विवाद चूक सिद्ध झाली तरच माणसाने हात घालायचा. मधल्या टप्प्यासाठी त्यांनी किमान पाऊण सह्यांची अट सुचविली होती. बारापैकी नऊ म्हणजे बरोबर पाऊण. थोडक्यात, परिषद ही कायमची सत्ता नसून तात्पुरता आधार आहे, अशी या क्षेत्राची भूमिका आहे. हा आधार कधी काढायचा, हे मात्र ठरलेले नाही.

भारताशी नाते

हा विषय मुंबईकर वाचकाला वाटतो तितका दूरचा नाही. १८ जुलै २०२४ रोजी मुंबईस्थित 'वझीरएक्स' या क्रिप्टो बाजाराच्या बहुस्वाक्षरी तिजोरीतून २३ कोटी डॉलरच्या आसपास रक्कम गेली. कंपनीने त्या वेळी दिलेल्या माहितीनुसार या तिजोरीचे सहा स्वाक्षरीकर्ते होते. त्यांपैकी पाच कंपनीचे आणि एक तिजोरीची सेवा पुरविणाऱ्या संस्थेचा. पडद्यावर दिसणारा व्यवहार आणि प्रत्यक्ष सही झालेला व्यवहार वेगळा असल्याचे कंपनीने सांगितले. अनेक भारतीय ग्राहकांचे पैसे दीर्घकाळ अडकून पडले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने संयुक्त निवेदनात या चोरीचा ठपका उत्तर कोरियावर ठेवला.

इथेरियमवरील दुसरे एक मोठे जाळे, 'पॉलिगॉन', भारतीय संस्थापकांनी 'मॅटिक' या नावाने २०१७ मध्ये सुरू केले. त्याच्या चाचणी जाळ्याचे नावच 'मुंबई' होते. पॉलिगॉननेही ऑक्टोबर २०२३ मध्ये तेरा सदस्यांची परिषद जाहीर केली. नेहमीच्या बदलांना सात आणि तातडीच्या बदलांना दहा सह्या, असा तिचा नियम ठरला. तिचे पहिले सदस्य मात्र खुल्या निवडणुकीतून न येता सुचविले गेले. नेमणुकीत जाणकारांची जुळणी नीट करता येते. पण नेमणाऱ्याचे वर्चस्व राहते. निवडणुकीत उत्तरदायित्व येते. पण लोकप्रियता आणि पात्रता यांची गल्लत होण्याची भीती असते. दोन्ही मार्गांचे गुणदोष असे तुल्यबळ आहेत.

निवडणूक एका दृष्टिक्षेपात (आर्बिट्रम, सप्टेंबर २०२३)

एकूण सदस्य : १२, दर सहा महिन्यांनी ६ जागा
तातडीच्या निर्णयासाठी सह्या : ९
उमेदवारीसाठी पाठिंबा : मतदानयोग्य टोकनांच्या ०.२ टक्के
छाननी : १४ दिवस
मतदान : २१ दिवस, पहिल्या सात दिवसांनंतर मताचे वजन घटते
एका संस्थेचे कमाल सदस्य : ३

हे नियम टोकनधारकांच्या मतदानाने बदलता येतात, त्यामुळे पुढील निवडणुकांचा तपशील वेगळा असू शकतो.

नकार देण्याची तयारी

रोनिन, रेडियंट, वझीरएक्स, बायबिट. या चारही प्रकरणांत आवश्यक तितक्या सह्या झाल्याच होत्या. सही नाकारणारा माणसू कुठेच वेळेवर उभा राहिला नाही, किंवा त्याची चावी त्याच्याही नकळत दुसऱ्याच्या हाती गेली होती. घाईची वेळ आहे, बाकीच्या आठ जणांनी सही केली आहे, नववी सही आपली आहे आणि पडद्यावरील मजकुरात काहीतरी जुळत नाही, अशा क्षणी थांबून 'आधी तपासतो' असे म्हणणारा सदस्य परिषदेला वाचवितो. त्याच वेळी आग खरी असेल तर मध्यरात्रीही उठून सही करणारा तोच असावा लागतो.

हे गुण उमेदवाराच्या जाहीरनाम्यात मिळत नाहीत. त्याने यापूर्वी कुठे त्रुटी शोधल्या आणि त्या कशा कळविल्या, कोणाच्या दबावाखाली काम केले, मतभेद झाले तेव्हा कसा वागला, यांवरून त्यांचा अदमास घ्यावा लागतो. मतदाराने एवढे कष्ट घेतले तर बारा चाव्या खरोखर बारा घरांत राहतील. अन्यथा यादीत नावे बारा असतील आणि चोराला दार मात्र एकच शोधावे लागेल.